पडद्यावरचे सारेच आपले नसते

दूर राहणाऱ्या आपल्या माणसाचा चेहरा घरबसल्या पाहावा, त्याच्याशी बोलावे आणि बोलता बोलता एखादा कागद, एखादे छायाचित्र किंवा हिशेबाचे पान त्याच्यापुढे ठेवावे, ही सोय आता आपल्या खेड्यापाड्यांतील कुटुंबांच्याही अंगवळणी पडली आहे. २०२० सालच्या मार्च महिन्यात टाळेबंदी आली आणि चर्चची दारे मिटली. पवित्र मिस्सा, सायंकाळची जपमाळ, मुलांचे धर्मशिक्षण, इतकेच नव्हे तर जिवलगांचे अंत्यविधीदेखील पडद्यावर पाहण्याची पाळी पुष्कळांवर आली. ती आपत्ती सरली. सवय मात्र उरली. या सवयीतील एका लहानशा गोष्टीकडे आज आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. व्हिडिओ कॉल चालू असताना आपल्यापुढचा मोठा पडदा दुसऱ्याला दाखवावयाचा असेल, तर तो सगळाच्या सगळा दाखवावा, की त्याचा हवा तेवढाच भाग दाखवावा?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींतच शेजारधर्माची खरी परीक्षा होत असते, असे आम्हांस वाटते.

सुरत शहराच्या पूर्वेकडील पर्वत पाटिया या भागाचे उदाहरण घेऊ. सुरत म्हटले की कापड आणि साड्या डोळ्यांपुढे येतात. या भागात आणि त्याच्या आसपासच्या लिंबायत, डिंडोली, उधना या वस्त्यांत पोटापाण्यासाठी आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात; त्यांतील पुष्कळ जण जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले. तापी नदीच्या खोऱ्यातून सुरतेहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग हाच त्यांचा येण्याचा व सणावाराला गावी परतण्याचा रस्ता. याच मार्गावर नवापूर हे स्थानक आहे. त्याचा काही भाग महाराष्ट्रात व काही भाग गुजरातेत येतो. तेथील एका बाकाचे तर अर्धे अंग या राज्यात आणि अर्धे त्या राज्यात आहे. त्या बाकावर बसणाऱ्या प्रवाशांत सीमेवरून तंटा होत नाही, कारण आपली जागा कोठवर व दुसऱ्याची कोठून, हे प्रत्येक जण जाणतो. पडद्याच्या बाबतीत मात्र ही जाण अजून आपल्यात यावयाची आहे.

आता पर्वत पाटियासारख्या वस्तीतील एखाद्या साडीच्या दुकानाची कल्पना करावी. नंदुरबारकडच्या बाजारातील एक लहान दुकानदार दर खेपेला सुरतेस येऊ शकत नाही, म्हणून तो मोबाईलवरून माल पाहतो. सुरतेचा व्यापारी आपल्या संगणकाच्या रुंद पडद्यावर साड्यांचे नमुने मांडतो आणि एक कळ दाबून सगळा पडदा पुढे पाठवून देतो. मधोमध साडी आहे खरी. पण डावीकडे दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची थकबाकी उघडी आहे, आणि उजवीकडे तिसऱ्याला दिलेले भाव दिसत आहेत. जे पाहावयाचे ते त्या दुकानदाराला बारीक दिसले आणि जे पाहावयाचे नव्हते ते नेमके ध्यानात राहिले. व्यापाऱ्याच्या मनात कपट नव्हते. पण ज्याची थकबाकी उघडी पडली त्याची पत तेवढ्यापुरती गेलीच.

प्रथम यातील दृष्टीचा भाग पाहू. ज्याला चौतीस इंची म्हणतात तो रुंद पडदा सुमारे ऐंशी सेंटिमीटर रुंद असतो. उभा धरलेला सर्वसाधारण मोबाईल सात सेंटिमीटरांच्या आसपास रुंद भरतो. म्हणजे सगळा पडदा त्या मोबाईलवर उतरला, की त्यावरची प्रत्येक गोष्ट जवळजवळ अकरा पटींनी लहान होते. चार मिलिमीटर उंचीचे अक्षर एक तृतीयांश मिलिमीटरावर येते. चाळिशी लावूनही ते कोणास वाचता यावयाचे नाही. परंतु त्याच पडद्याचा केवळ एक तृतीयांश उभा पट्टा दाखविला, तर तेच अक्षर जवळजवळ एक मिलिमीटर उंच दिसते, म्हणजे तिप्पट. पलीकडे बसलेल्या वृद्ध आईला कागद वाचता येणे आणि न येणे, यांत एवढेच अंतर आहे. आणखी असे, की रुंद पडद्यावर सुमारे साडेएकोणपन्नास लक्ष ठिपके असतात. खेड्यातल्या मंद जोडणीवरून एवढा भार वाहून नेणे कठीण, म्हणून चित्र वाटेतच दाबून लहान केले जाते आणि अक्षरे पुसट होतात. ओझे हलके केले, तर गाडी घाट चढते. येथेही तोच न्याय.

ही कल्पना काही आजची नव्हे. ९ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबर्ट या संशोधकाने सुमारे नव्वद मिनिटांचे एक प्रात्यक्षिक विद्वानांपुढे करून दाखविले. त्यांच्या संगणकावरील मजकूर सभागृहातल्या भव्य पडद्यावर उमटत होता; त्याच वेळी सुमारे अठ्ठेचाळीस किलोमीटरांवरील मेन्लो पार्क येथे बसलेला त्यांचा सहकारी त्याच मजकुरावर काम करीत होता, आणि त्या सहकाऱ्याचा चेहरा पडद्याच्या एका भागात दिसत होता. मजकूर एका बाजूस व माणूस दुसऱ्या बाजूस, अशी पडद्याची वाटणी त्या पहिल्याच प्रसंगी झालेली होती. कागद दाखविताना माणूस झाकला जाऊ नये, ही दृष्टी त्या मांडणीत आढळते.

आता हे साधावयाचे कसे, ते थोडक्यात सांगतो. झूम या साधनात, संगणकावरून बोलत असल्यास, पडदा दाखविण्याच्या खिडकीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या नावाखाली ‘पोर्शन ऑफ स्क्रीन’ असा एक पर्याय असतो. तो निवडला, की पडद्यावर एक हिरवी चौकट येते. ती हवी तेथे ओढावी आणि हवी तेवढी लहानमोठी करावी. चौकटीच्या आत जे असेल तेवढेच पलीकडे जाते. गूगल मीटमध्ये अशी चौकट नाही. तेथे संपूर्ण पडदा, एखादी खिडकी किंवा ब्राउझरचा एखादा टॅब, यांतून निवड करावी लागते. अशा वेळी जे दाखवावयाचे ते वेगळ्या खिडकीत उघडावे, ती खिडकी अरुंद करावी, कंट्रोल आणि अधिक या कळा एकत्र दाबून अक्षरे मोठी करावीत, आणि ती एकच खिडकी दाखवावी. घरातील संगणकात मुरलेल्या तरुणांसाठी हेही सांगून ठेवतो, की विंडोजवर चालणाऱ्या पॉवरटॉइज या मोफत साधनसंचात २०२३ सालापासून ‘क्रॉप अँड लॉक’ नावाची सोय आहे. तिने एखाद्या खिडकीचा हवा तेवढा तुकडा कापून त्याची स्वतंत्र खिडकी करता येते व तीच दाखविता येते.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. हिरव्या चौकटीचे राज्य आतल्या जागेवर असते. त्या जागेत जे काही येईल ते सर्व पलीकडे दिसते. विंडोजच्या संगणकावर येणाऱ्या सूचना बहुधा उजव्या खालच्या कोपऱ्यात उगवतात, आणि मॅकवर उजव्या वरच्या. म्हणून चौकट डाव्या अंगास ठेवावी आणि बोलणे संपेतोपर्यंत सूचना बंद ठेवाव्यात. पाहुण्यांपुढे बोलत असता मागच्या खोलीतून कोणी खासगी गोष्ट मोठ्याने ओरडून सांगू नये, म्हणून आपण दार लोटून घेतो, तसलेच हे.

येथवर सोयीची गोष्ट झाली. आता आमच्या मनातील खरी गोष्ट सांगतो. पुष्कळ भाविक व सरळमनाची माणसे म्हणतात, “आमच्याकडे लपविण्यासारखे आहे तरी काय? सगळा पडदा दिसला, तर दिसू द्या.” या निर्मळपणाचे आम्हांस कौतुक आहे. परंतु हे उत्तर अपुरे आहे. आमच्या पडद्यावर जे असते ते सारेच आमचे नसते. बहिणीने पाठविलेला आजारपणाचा निरोप तिचा असतो. भावाने कर्ज मागण्यासाठी लिहिलेल्या चार ओळी त्याच्या असतात. मुलीच्या लग्नासाठी आलेल्या स्थळांची माहिती त्या त्या घरांची असते. विश्वासाने आपल्याकडे आलेली ठेव आपण चार लोकांत मांडून बसलो, तर आपला निर्मळपणा त्या ठेवीदाराच्या काय उपयोगाचा?

धर्मग्रामाच्या कामकाजात तर हा विचार अधिकच हवा. पुष्कळ ठिकाणी धर्मग्रामाच्या समितीची बैठक आता व्हिडिओ कॉलवर भरते. खजिनदार जमाखर्च दाखवितात. त्याच पानाच्या बाजूस अमक्या घराने किती दिले व तमक्या घराने काहीच दिले नाही, अशी यादी उघडी राहिली तर? ज्या विधवेच्या घरी यंदा पीक बुडाले, तिचे रिकामे राहिलेले खाने वीस घरांत वाचले जाईल. ती बैठकीत नसेलही. पण बोलणे तिच्यापर्यंत पोहोचल्यावाचून राहणार नाही. पुढच्या रविवारी ती मिस्सेस आली आणि मागच्या बाकावर बसून प्रार्थना संपण्यापूर्वीच निघून गेली, तर त्याचा दोष कोणाकडे जाईल? लेखनिकाने चौकट चार बोटे अलीकडे ओढली असती, तर एका घराची अब्रू झाकली गेली असती.

आठव्या आज्ञेच्या विवरणात ख्रिस्तसभा केवळ खोट्या साक्षीलाच दोष देत नाही. दुसऱ्याचे वैगुण्य खरे असले, तरी सबळ कारणावाचून ते अजाणत्यांपुढे उघड करणे हाही अपराधच, अशी तिची शिकवण आहे. आपण ही आज्ञा जिभेची मानतो आणि तिची चौकशी जिभेपुरतीच करतो. हल्ली मात्र जीभ न हलवताही केवळ बोटाने हा अपराध घडू शकतो. उत्पत्तीच्या पुस्तकात नोहाच्या दोन पुत्रांची कथा आपण ऐकली आहे. बापाची लाज उघडी पडली, तेव्हा शेम व याफेथ पाठमोरे चालत गेले आणि त्यांनी त्याच्यावर वस्त्र घातले. त्यांनी तेथे उपदेश केला नाही, आधी झाकले. हीच कृती आज पडद्यावरची एक चौकट ओढून करता येते.

याच गोष्टीची दुसरी बाजू भीतीची आहे आणि तीही स्पष्ट सांगितली पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलमध्ये आपला पडदा दाखविण्याची सोय ऑगस्ट २०२३ मध्ये आली. मोबाईलचा सगळा पडदा दाखविला, की येणारे निरोप, बँकेचे ओटीपी व खात्यातील शिल्लक हे सारे पलीकडच्याच्या डोळ्यांपुढे जाते. नव्या अँड्रॉइड मोबाईलांवर एकाच अ‍ॅपचा पडदा दाखविण्याचा पर्याय मिळू लागला आहे. तो आपल्या मोबाईलवर असल्यास त्याचाच उपयोग करावा. दुसऱ्याच्या यंत्रातून आपला मोबाईल पाहू देणाऱ्या एनीडेस्कसारख्या साधनांचा भामटे दुरुपयोग करीत आहेत, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. साधन स्वतः वाईट नाही. ते कोणाच्या सांगण्यावरून उघडले, यावर सारे अवलंबून आहे.

अलीकडे तर पोलिसांचा किंवा न्यायाधीशाचा वेष करून भामटे व्हिडिओ कॉलवर येतात, “तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे” असे धमकावतात, आणि घाबरलेल्या माणसाला तासन्‌तास पडद्यापुढे बसवून त्याच्याकडून पैसे उकळतात. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी आपल्या आकाशवाणीवरील भाषणात याविषयी देशाला सावध केले होते. आमच्या वाचकांनी हे पक्के ध्यानात ठेवावे: भारताच्या कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्टच नाही. कोणी अनोळखी माणूस पडदा दाखविण्यास सांगू लागला, की कॉल तोडावा, घरच्यांना सांगावे, आणि पैसे गेले असल्यास विलंब न लावता १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे. लाजेने गप्प बसू नये. फसविला गेलेला मनुष्य गुन्हेगार नव्हे.

मग काय, सगळेच झाकून ठेवावे? तसे आमचे म्हणणे मुळीच नाही. पतीने पत्नीपासून पडदा फिरवावा, मुलाने आईबाप खोलीत येताच खिडकी मिटावी, असल्या लपंडावाला आमचा पाठिंबा नाही. लपविणे वेगळे आणि मर्यादा राखणे वेगळे. लपविणारा समोरच्याच्या हक्काचे त्याच्यापासून चोरतो. मर्यादा राखणारा तिसऱ्याच्या हक्काचे जपतो. खजिनदाराने जमाखर्चाची बेरीज झाकली, तर तो अपराध होईल; गरिबाचे नाव झाकले, तर तो धर्म होईल. हा विवेक यंत्र शिकवीत नाही. तो घरी शिकावा लागतो.

असिसीच्या संत क्लारेची आठवण येथे होते. १२५२ सालच्या नाताळच्या रात्री ती आजाराने अंथरुणाला खिळलेली होती. इतर भगिनी प्रार्थनेस गेल्या आणि ती एकटी मागे राहिली. त्या रात्री संत फ्रान्सिसच्या मंदिरातील उपासना तिला आपल्या खोलीत प्रत्यक्ष अनुभवता आली, अशी परंपरागत कथा आहे. या कथेवरूनच पोप बारावे पायस यांनी १९५८ साली तिला दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत म्हणून घोषित केले. आम्हांस या कथेत एक गोष्ट विशेष वाटते. असिसी नगरीत त्या रात्री पुष्कळ काही चालले असेल: बाजार, मेजवान्या, भांडणे, कोणाच्या घरची सुखदुःखे. देवाने तिला त्यांतले काहीच दाखविले नाही. त्या आजारी भगिनीस ज्याची तहान होती तेवढेच दाखविले. सर्व काही पाहणारा परमेश्वर दाखविताना मात्र इतका मोजून दाखवितो, हे आपल्यासाठी चिंतनाचे आहे.

तसेच आपणही करून पाहावे. सुरतेत राहणारा मुलगा गावातील आजीबरोबर सायंकाळी जपमाळ म्हणतो, तेव्हा त्याने आपला सगळा पडदा तिच्यापुढे ओतू नये. मारियेच्या लितानीचे एकच पान, मोठ्या अक्षरांत, एका चौकटीत ठेवावे आणि शेजारी आपला चेहरा राहू द्यावा. आजीला ओळ वाचता येईल आणि नातवाचे ओठही दिसतील. तिच्या मोबाईलवर त्या वेळी कापडाचे भाव नकोत, कचेरीचे निरोप नकोत आणि बातम्याही नकोत. तिला एवढेच हवे असते, आणि एवढेच पोहोचले, की ते पूर्ण पोहोचते.

म्हणून पुढच्या वेळी पडदा दाखविण्याची कळ दाबण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि मनाशी दोन प्रश्न विचारावेत: समोरच्याला यातले नेमके काय हवे आहे? आणि यातले काय माझे नाही? पहिल्या प्रश्नाने चौकटीची रुंदी ठरेल, दुसऱ्याने तिची जागा ठरेल. मुलांना हे शिकविताना संगणकाची भाषा वापरण्याची गरज नाही. पाहुण्यांपुढे ताट वाढताना आपण स्वयंपाकघर उचलून आणीत नाही, एवढे सांगितले, तरी त्यांना उमजेल.